मुघल-ए-आझम : डिस्क घेताना आधी मिनिटं बघा

‘मुघल-ए-आझम’ ही अकबराच्या घरातली गोष्ट.

के. आसिफ यांचा १९६०चा मूळ चित्रपट सुमारे १९७ मिनिटांचा. तो बहुतांश कृष्णधवल. रंगीत होतं ते शीशमहालातलं गाणं आणि शेवटची रिळं. २००४ साली संपूर्ण रंगवलेली आवृत्ती आली ती १७७ मिनिटांची. म्हणजे वीस मिनिटं गेली. शिवाय जुनी चौकोनी चौकट रुंद पडद्यासाठी ताणताना वरचा-खालचा भाग कापला गेला, आणि हे नुकसान मला रंगांपेक्षाही जास्त सलतं. आवाजाचं काम मात्र मनापासून झालंय : नौशाद स्वतः त्यात होते, सोबतीला उत्तम सिंग.

तरी पहिल्यांदा बघणाऱ्यानं कृष्णधवलच बघावा. आर. डी. माथुर यांनी सावल्या आणि मशालींचा उजेड त्याच दोन रंगांसाठी बांधला होता. शीशमहाल अचानक रंगांत उजळतो तेव्हा श्वास अडकतो. सगळंच रंगीत असलं की तो धक्का उरत नाही.