आई कुठे काय करते? आपल्याही घरचा प्रश्न

आमचे माहेर पेणचे, सासर रोह्याचे. काही वर्षे दोन्ही घरांत एक दृश्य सारखेच असायचे. मगरिबची नमाज झाली, तांदळाच्या भाकऱ्या उरकल्या, की साडेसातला सगळ्या बायका टीव्हीसमोर. मालिका अर्थातच स्टार प्रवाहवरची 'आई कुठे काय करते!'

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०२४ पर्यंत चालली. मूळ कथा बंगाली 'श्रीमयी'ची. हिंदीत तीच 'अनुपमा' झाली. मराठीत मधुराणी प्रभुलकर यांनी रंगवलेली अरुंधती पंचवीस वर्षे देशमुखांचे घर सांभाळते आणि मग तिला कळते, की नवरा अनिरुद्धचे ऑफिसातल्या संजनाशी संबंध आहेत. घटस्फोट होतो. अरुंधती गाऊ लागते, कमावू लागते, स्वतःच्या पायावर उभी राहते.

रोह्याच्या घरी सगळ्या जणी संजनाला शिव्याशाप द्यायच्या. एकदा आमच्या चाचीसासूबाई म्हणाल्या, "संजना नसती, तरी अरुंधतीला घरात कोणी विचारत होतं का?"

क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. खरेच, मालिकेला खलनायिका लागते, रोज नवे वादळ लागते. आपल्या घरांत तसे काहीच घडत नाही. नवरा चांगला असतो, मुले गुणी असतात, तरी आईच्या कामाकडे कोणाचे लक्ष नसते.

शाळेत मुलांची माहिती भरून घेताना आम्ही एका मुलाला विचारले, "आई काय करते?"

"काही नाही, टीचर."

त्याचे अब्बा आखातात. अम्मी पहाटे फजरला उठते, सासऱ्यांची औषधे सांभाळते, बँकेची कामे करते, उन्हाळ्यात पोह्याचे पापड लाटून विकते. याच पापडांच्या पैशांतून त्याची वह्या-पुस्तके येतात. आम्ही त्याच्याकडून एकेक काम वदवून घेतले. पान भरत आले, तेव्हा तोच म्हणाला, "टीचर, एवढं लिहायला जागा नाही."

हसू आले, पण त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही तरी आमच्या अम्मीला कधी विचारले होते? पुढच्या रविवारी पेणला गेलो आणि विचारले. ती म्हणाली, "मला शिवणाचा क्लास काढायचा होता. तुझ्या अब्बांनी नको म्हटलं नव्हतं. मीच बोलले नाही आणि कोणी विचारलंही नाही."

हजरत आयशा (रजि.) सांगतात, की प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामाला हातभार लावत. हे आपण सगळेच ऐकून आहोत. तरी जेवण झाल्यावर आपल्यापैकी किती जण आपले ताट स्वतः उचलतात?

भगिनींनो, अरुंधतीसाठी आपण खूप रडलो. आज दस्तरखानावर बसाल, तेव्हा अम्मीलाही हाक मारा. ती जेवायला बसल्याशिवाय कोणी घास घेऊ नका. आणि तिला काय करायचे राहून गेले, तेही विचारा.

आमची अम्मी आता चौसष्ट वर्षांची आहे. शिलाई मशीन माळ्यावरून खाली काढले आहे. शेजारच्या दोन मुली शिकायला येतात.