कॅन्सरच्या उपचारांत ज्यूस की स्मूदी? पोषणासाठी काय लक्षात ठेवाल

घरात कोणाची केमोथेरपी किंवा रेडिएशन सुरू झाले की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी गव्हांकुराचा रस सांगते, कोणी गाजर-बीट, कोणी रोज सकाळी दुधीचा रस. हेतू चांगलाच असतो. पण ‘दिवसभरात तीन ग्लास ज्यूस होतो, जेवण मात्र जात नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाचे वजन बहुतेक वेळा उतरत असते. उपचारांच्या काळात वजन आणि स्नायू घटले तर अशक्तपणा वाढतो, औषधांचे दुष्परिणाम जास्त जाणवतात आणि कधीकधी पुढची सायकल लांबणीवर टाकावी लागते. म्हणून ग्लासात काय आहे, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

ज्यूस आणि स्मूदीत फरक काय?

ज्यूस काढताना चोथा बाजूला जातो. उरते पाणी, साखर आणि काही जीवनसत्त्वे. स्मूदीत अख्खे फळ वाटले जाते आणि त्यात दूध, दही, शेंगदाणे असे पदार्थ घालता येतात. त्यामुळे ती छोट्या जेवणाचे काम करू शकते.

उपचार सुरू असताना बहुतेक रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीला रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने हवीत. २०० मिली संत्र्याच्या रसातून सुमारे ९० कॅलरी मिळतात, पण प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम.

घरी करता येईल अशी स्मूदी

- मलईसह उकळून गार केलेले दूध: २०० मिली
- पिकलेले केळे: १ मध्यम
- भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट: २ मोठे चमचे
- दूध पावडर: २ मोठे चमचे

सर्व एकत्र वाटा. या एका ग्लासातून साधारण ४०० ते ४५० कॅलरी आणि १७-१८ ग्रॅम प्रथिने मिळतात. पूर्ण ग्लास एकदम संपवायची गरज नाही. दोन जेवणांच्या मध्ये अर्धा-अर्धा ग्लास घोट घोट घ्या. जेवणाआधी लगेच घेतली तर पोट भरते आणि जेवण राहून जाते. शेंगदाण्यांची ॲलर्जी असेल तर ते वगळा. खवट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे वापरू नका. कच्चे अंडे घालू नका.

त्रासानुसार बदल करा

- तोंड आले असेल तर: संत्रे, मोसंबी, अननस झोंबतात. केळे, चिकू, दही चालते. स्मूदी गाळून घ्या.
- मळमळ होत असेल तर: गार पेयाचा वास कमी येतो, त्यामुळे ते सहज जाते. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध सुरू असेल तर थंड पेयाने घशात आणि हातापायांत विचित्र संवेदना होतात. अशा वेळी खोलीच्या तापमानाचेच पेय घ्या.
- जुलाब होत असतील तर: दूध आणि साली-बियांची फळे काही दिवस थांबवा. ताक, भाताची पेज, मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घ्या.
- मधुमेह असेल किंवा स्टिरॉइड सुरू असतील तर: गाळलेल्या ज्यूसने साखर पटकन वाढते. स्मूदीत फळ कमी आणि दही किंवा दूध जास्त ठेवा.
- किडनीचा त्रास असेल तर: केळे, शहाळ्याचे पाणी, संत्रे यांत पोटॅशियम भरपूर असते. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

स्वच्छता: इथे तडजोड नको

बऱ्याच केमो औषधांनंतर ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा साधा जंतूही गंभीर संसर्ग करू शकतो. म्हणून:

- रस्त्यावरचा ज्यूस, उसाचा रस आणि बाहेरचा बर्फ टाळा.
- फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, मगच सोला.
- मिक्सरचे भांडे, पाते आणि झाकणातली रबरी रिंग प्रत्येक वेळी साबणाने धुवा.
- पेय ताजेच घ्या. उरले तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत संपवा.
- पालक, कोथिंबीर, गव्हांकुर कच्चे वाटून घेऊ नका. पालेभाजीचे सूप करा.

या रसांबाबत सावध

गव्हांकुराचा रस: त्याने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. तो कच्चाच प्यायला जात असल्याने जंतूंचा धोका मात्र आहे.

दुधीचा रस: कडू दुधीतील विषारी द्रव्यामुळे रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब घसरू शकतो; यात मृत्यूही झाले आहेत. केमोमुळे चव बदलल्याने रुग्णाला कडूपणा कळेलच असे नाही. दुधीची भाजी खा, पण कच्चा रस नको. भाजीसाठीही घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तुकडा चाखून पाहावा आणि कडू लागला तर दुधी टाकून द्यावा.

ग्रेपफ्रूट आणि पपनस: यांच्यामुळे कॅन्सरच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. गोळ्या सुरू असतील तर आधी विचारा.

‘साखरेने कॅन्सर वाढतो ना?’

शरीरातील सगळ्याच पेशी साखर वापरतात. आहारातली साखर बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही, पण रुग्णाचे वजन मात्र घटते. फक्त रसावर राहून ‘शरीर शुद्ध’ करण्याचे प्रयोग तर या काळात मुळीच नकोत.

डॉक्टरांना कधी कळवाल?

- ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर लगेच, रात्री असला तरी
- पिताना ठसका लागत असेल, खोकला येत असेल
- एक दिवस पातळ पदार्थही पोटात टिकत नसतील
- महिन्याभरात वजन ५ टक्के घटले असेल. म्हणजे ५० किलोमागे अडीच किलो

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वजन करून वहीत लिहा आणि ती वही पुढच्या तपासणीला सोबत न्या. जो काही रस, काढा किंवा पावडर सुरू असेल तीही त्याच वहीत नोंदवा. रागावतील म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. जेवण जात असेल तर जेवणच पहिले. स्मूदी त्याच्या जोडीला.