मदरबोर्ड बसवताना पिना सांभाळा!
संगणक घरीच जोडणाऱ्यांनी मदरबोर्ड बसवताना सर्वाधिक जपावे ते प्रोसेसरच्या सॉकेटला. पूर्वी पिना प्रोसेसरला असत. सर्वसाधारण डेस्कटॉपसाठी इंटेलने २००४ मध्ये, तर एएमडीने २०२२ मध्ये त्या सॉकेटमध्ये आणल्या. साहजिकच, पीन वाकली की आता मदरबोर्डच निकामी होण्याची भीती असते. त्यामुळे त्रिकोणी खुणा जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा. बोटाने दाबू नये. कॅबिनेटमधील पितळी स्टँडऑफ मदरबोर्डच्या छिद्रांखालीच आहेत, याची खात्री करावी. एखादा जास्तीचा राहिल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते. सॉकेटवरील प्लास्टिकचे झाकण मात्र टाकून देऊ नये. वॉरंटीत मदरबोर्ड परत पाठवण्याची वेळ आल्यास पिनांचे रक्षण तेच करते.