फुकटचा राउटर, तीनशे डॉलरची परीक्षा

लोअर परळच्या काचेच्या इमारतींत नेटवर्कची केबल ओढणारी काही मुले दर रविवारी आमच्या अभ्यासिकेत येतात. कोणी नायगावच्या बीडीडी चाळीतला, कोणी लालबागचा, एकदोघे गिरगावातून येतात. शिडीवर चढायचे, फॉल्स सीलिंगमधून केबल न्यायची, टोकाला कनेक्टर बसवायचा आणि लेबल चिकटवायचे, हे त्यांचे काम. केबल जिथे संपते तिथे रॅकमध्ये स्विच आणि राउटर असतात. त्यांना मात्र यांनी हात लावायचा नाही. त्यासाठी 'इंजिनिअर साहेब' येतात, लॅपटॉप जोडतात, दहा मिनिटे काहीतरी टाइप करतात आणि निघून जातात.

एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, ते टाइप काय करतात?" हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

ते टाइप करतात त्या कमांड शिकणे अवघड नाही. सिस्को कंपनीची सीसीएनए नावाची परीक्षा या कामाचे पहिले दार मानली जाते. तिला पदवीची अट नाही, आधीची कोणती परीक्षा पास असावी लागत नाही. बी.कॉम. अर्धवट सोडलेला मुलगाही बसू शकतो. सध्याच्या परीक्षेचा क्रमांक २००-३०१. ती २४ फेब्रुवारी २०२० पासून सुरू आहे, वेळ १२० मिनिटे आणि भाषा इंग्रजी. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. अट एकच आहे आणि ती जड आहे : फी ३०० डॉलर. म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या पुढे, वर कर वेगळा. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येते, पण पुन्हा पूर्ण फी भरून. ज्या घरात ही रक्कम दोन महिन्यांचा किराणा आणि मुलांच्या क्लासची फी असते, तिथे दुसरा प्रयत्न नसतोच. म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण तयारीने जायला हवे, आणि तयारी म्हणजे हाताने सराव.

सराव करायचा कशावर? आमच्या ओळखीच्या एका मुलीने दादर स्टेशनजवळच्या एका खाजगी क्लासला कर्ज काढून फी भरली. तीस जणांच्या बॅचला राउटर दोन, आणि तेही काचेच्या कपाटात. सर प्रोजेक्टरवर कमांड दाखवत, मुले वहीत उतरवून घेत. तीन महिन्यांत तिने राउटरवर एकदाही टाइप केले नाही.

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात पगार बरा असे, पण अस्पृश्य कामगारांना तिथे घेत नसत. कांडीवरचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते, एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागतो, म्हणजे विटाळ, असे कारण दिले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे वाचले तेव्हा एक गोष्ट जास्त लक्षात राहिली. माग चालवणे मागाजवळ उभे राहूनच शिकता येत होते. ज्याला खात्यातच प्रवेश नाही त्याने शिकायचे कुठे? मग 'यांना काम येत नाही' हे म्हणायला मालक आणि मुकादम मोकळे. आजच्या रॅकजवळ विटाळाची भाषा कोणी बोलत नाही. पण शिडीवर कोण आणि लॅपटॉपजवळ कोण, हे एकदा मोजून पाहा.

फरक एवढा, की आजचा माग घरी आणता येतो. त्याचे नाव पॅकेट ट्रेसर. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे हे सॉफ्टवेअर. अकॅडमी १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या संकेतस्थळावर खाते उघडून मोफत कोर्सला नाव नोंदवले की पॅकेट ट्रेसर फुकट उतरवून घेता येते. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालते. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीच्या मुलांना ते प्रात्यक्षिकांमुळे माहीत असते, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी जर्नल पूर्ण करण्यापुरतेच उघडलेले असते. महागडा संगणक लागत नाही. आमच्या अभ्यासिकेतला जुना, देणगीत आलेला संगणकही ते चालवतो, थोडा कुरकुरत.

पडद्यावर एक कोरा कागद दिसतो. खालून राउटर, स्विच, संगणक उचलून वर ठेवायचे आणि केबलने जोडायचे. राउटरवर क्लिक केले की तीच काळी खिडकी उघडते, जी इंजिनिअर साहेबांच्या लॅपटॉपवर असते. पहिल्या दिवशी एक गंमत हमखास होते. राउटरला केबल जोडली तरी दोन्ही टोकांना लाल खुणा राहतात. मुले केबल बदलून पाहतात, दुसरा राउटर आणतात. सिस्कोच्या राउटरचे पोर्ट मुळात बंदच असतात. 'नो शटडाउन' ही कमांड दिल्यावर ते जागे होतात. स्विचचे पोर्ट उघडेच असतात, पण तिथे खूण आधी नारंगी दिसते आणि साधारण अर्ध्या मिनिटाने हिरवी होते, कारण केबलींचे कुठे वर्तुळ तर झाले नाही ना हे स्विच आधी तपासतो. केबल ओढणाऱ्या मुलांनी हा नारंगी दिवा शेकडो वेळा पाहिलेला असतो. तो का लागतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आता एक सराव सविस्तर सांगतो. समजा एका विहाराच्या इमारतीत खाली ग्रंथालय आहे आणि वर अभ्यासिका. दोघांचे संगणक एकाच स्विचला जोडलेले, पण दोन्ही जाळी वेगळी ठेवायची आहेत. आपल्याकडे १९२.१६८.१०.० हा पत्त्यांचा पट्टा आहे. त्याचे /२६ ने चार तुकडे केले की प्रत्येकात ६४ पत्ते येतात. पहिला पत्ता जाळ्याच्या नावाला आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारायला राखून ठेवतात, म्हणून वापरायला ६२ उरतात. ग्रंथालयाला पहिला तुकडा, १ ते ६२. अभ्यासिकेला दुसरा, ६५ ते १२६. स्विचवर दोन व्हीलॅन करायचे, १० आणि २०. व्हीलॅन म्हणजे एकाच चाळीत भिंत घालून केलेल्या दोन खोल्या समजा. एका खोलीतून दुसरीत जायचे तर राउटरच्या दारातूनच. म्हणून राउटरच्या एकाच पोर्टचे दोन उप-पोर्ट करून एकाला .१ आणि दुसऱ्याला .६५ हा पत्ता द्यायचा, आणि स्विचचे राउटरकडचे पोर्ट ट्रंक करायचे.

उप-पोर्टला आधी 'एन्कॅप्स्युलेशन डॉट वन क्यू १०' सांगावे लागते. त्याआधी आयपी पत्ता दिला तर राउटर तो घेत नाही. पुस्तकात हे वाचून विसरायला होते. राउटरने एकदा झिडकारले की विसरायला होत नाही.

सगळे जोडून झाल्यावर ग्रंथालयातल्या संगणकावरून अभ्यासिकेतल्या संगणकाला पिंग करायचे. चारपैकी पहिले उत्तर बहुतेक वेळा येत नाही, उरलेली तीन येतात. नवी मुले घाबरतात आणि सगळे पुसून पुन्हा करतात. पुसू नका. कोपऱ्यातले 'सिम्युलेशन' बटण दाबा. आता वेळ थांबते आणि प्रत्येक पॅकेट लहानशा पाकिटासारखे पडद्यावर एकेक पाऊल चालताना दिसते. पाकीट राउटरपर्यंत पोहोचते, पण पलीकडच्या संगणकाचा हार्डवेअर पत्ता राउटरला अजून माहीत नसतो. तो हातातले पाकीट टाकून देतो आणि त्या जाळ्यात सर्वांना विचारतो, हा आयपी पत्ता कोणाचा? या विचारणेला एआरपी म्हणतात. उत्तर आले की पुढची पाकिटे सुरळीत जातात. हेच खऱ्या जाळ्यातही होते, फक्त तिथे ते डोळ्यांना दिसत नाही. आमच्या मते पॅकेट ट्रेसरमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

आता खरा अभ्यास. चालू झालेले जाळे मुद्दाम मोडायचे. अभ्यासिकेतल्या एका संगणकाला डीफॉल्ट गेटवे .६५ च्या जागी .१ द्या. कमांड देण्यापूर्वी वहीत लिहा : काय चालेल, काय बंद पडेल? मग पिंग करून ताडून पाहा. शेजारच्या संगणकाशी बोलणे चालूच राहते, ग्रंथालयाशी तुटते. आता ट्रंक काढा. आता एक व्हीलॅन पुसून टाका. प्रत्येक वेळी आधी अंदाज, मग बोट. अंदाज न करता नुसत्या कमांड मारल्या तर हात शिकतो, डोके शिकत नाही, आणि परीक्षेत काही प्रश्न 'असे दिसते आहे, तर बिघाड कुठे?' या वळणाचे असतात. ओएसपीएफच्या बाबतीतही हेच. दोन राउटर एकमेकांचे शेजारी होत नसतील तर एरिया क्रमांक जुळतो का, हॅलोची वेळ जुळते का (ती साधारणतः १० सेकंद असते, आणि ४० सेकंद काहीच ऐकू आले नाही तर शेजारी मेला असे समजतात), हे स्वतः बिघडवून पाहिलेले असले की प्रश्न वाचतानाच बोट जागेवर जाते.

काम झाले की 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' विसरू नका. एकदा मुद्दाम विसरा आणि पडद्यावरच्या राउटरचे बटण बंद-चालू करा. तासाभराचे काम नाहीसे होते. ही चूक इथे फुकट आहे.

अभ्यासक्रमात नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच-व्हीलॅन-वायफायचा भाग २० टक्के आणि राउटिंगचा भाग २५ टक्के धरलेला आहे. म्हणजे ६५ टक्क्यांचा बहुतेक सराव याच एका सॉफ्टवेअरवर होतो. सुरक्षेचा भाग १५ टक्के, त्यातलेही बरेच जमते. ऑटोमेशनचे १० टक्के मात्र मुख्यतः वाचूनच करावे लागतात.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पॅकेट ट्रेसर हे राउटरचे सोंग आहे, आत खरी यंत्रणा नाही. काही कमांड त्यात नाहीतच. बरोबर टाइप करूनही चूक दाखवली तर दोष तुमचा असेलच असे नाही. जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी ही पुढची सॉफ्टवेअर खरी यंत्रणा संगणकात चालवतात, पण त्यांना मेमरी जास्त लागते आणि सिस्कोची आयओएस फाइल लागते. त्या फाइलला परवाना असतो. 'मित्राने ड्राइव्हवर दिली' हा परवाना नव्हे. सिस्कोच्या मॉडेलिंग लॅब्जची पाच यंत्रांपर्यंतची मोफत आवृत्ती आता मिळते, ती पाहावी. पण सीसीएनएसाठी पॅकेट ट्रेसर पुरते, असे आमचे मत आहे. आधी ते पूर्ण पिळून घ्या.

सॉफ्टवेअर कनेक्टर बसवायला शिकवत नाही. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी : हा क्रम शिडीवरच्या मुलांना झोपेतही येतो. कॉलेजच्या मुलांना येत नाही. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन थोडी केबल, मूठभर कनेक्टर आणि क्रिंपर आणा आणि या मुलांनाच मास्तर करा. आमच्याकडे तसे केल्यावर रविवारच्या बैठकीचा सूर बदलला. जो गप्प बसायचा तो बोलू लागला.

'डम्प' नावाचा प्रकार तुमच्या फोनवर येईलच. चोरलेले प्रश्न आणि पाठ करायची उत्तरे, पाचशे रुपयांत. पकडले गेलात तर निकाल रद्द होऊ शकतो आणि तीनशे डॉलर जातात. नाही पकडले गेलात तरी मुलाखतीत समोरचा माणूस लॅपटॉप पुढे सरकवतो आणि म्हणतो, दोन व्हीलॅन करून दाखवा. तिथे पाठांतर बोलत नाही.

विहारांच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. जयंतीच्या वर्गणीतून स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेताच, त्याच कपाटाशेजारी दोन जुने संगणक ठेवा. इंटरनेट रोज लागत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ, चार-पाच जणांचा गट, एवढ्यावर सुरुवात होते. पॅकेट ट्रेसरमध्ये दोन संगणकांवरची जाळी एकमेकांना जोडायची सोयही आहे : एक जण लालबाग शाखा, दुसरा दादर शाखा, आणि मधला राउटर तिसऱ्याने बिघडवायचा. मुलींना संध्याकाळी उशिरा थांबता येत नसेल तर वेळ सकाळची ठेवा. आम्ही हे उशिरा ओळखले आणि त्यात दोन चांगल्या मुली गळाल्या.

आमचा सध्याचा खेळ असा आहे. दर शनिवारी एक जण जाळे तयार करतो, त्यात तीन चुका लपवतो आणि फाइल गटावर टाकतो. फाइल लहान असते, फोनवरून सहज जाते. रविवारी बाकीच्यांनी चुका शोधायच्या आणि कोणत्या 'शो' कमांडने सापडली ते सांगायचे. गेल्या वेळची फाइल 'ते टाइप काय करतात' विचारणाऱ्या मुलाने केली होती. दोन चुका आम्हाला सापडल्या. तिसरी अजून सापडलेली नाही, आणि तो सांगायला तयार नाही.