हवाई टक्कर प्रतिबंध
हवाई टक्कर प्रतिबंध म्हणजे उडत्या विमानांमध्ये सुरक्षित अंतर राखण्याची व्यवस्था होय. सिंधुदुर्गातील चिपी, गोव्यातील मोपा आणि नौदलाचा तळ असलेले दाबोळी हे तीन विमानतळ एकाच किनारपट्टीवर असल्याने येथे तिला विशेष महत्त्व आहे. हवाई वाहतूक नियंत्रक दोन विमानांत सामान्यतः किमान १,००० फूट उभे किंवा ठरावीक आडवे अंतर ठेवतात. १९९६ मध्ये हरियाणातील चरखी दादरी येथे एक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली आल्याने झालेल्या टकरीत ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारतात 'टीकॅस' हे उपकरण प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. धोका उद्भवताच दोन्ही विमानांतील उपकरणे परस्परांशी संपर्क साधून एका वैमानिकास वर, तर दुसऱ्यास खाली जाण्याची सूचना देतात. नियंत्रकाचा आदेश वेगळा असला तरी वैमानिकाने हीच सूचना पाळावयाची असते.