‘चैत्यभूमी’ : दुःख सोबत घेऊन निघालेल्या माणसांचा माहितीपट

डिसेंबर उजाडला की नागपूर रेल्वे स्थानकावर पांढरे कपडे, निळे झेंडे आणि भाकरीची गाठोडी दिसू लागतात. मुंबई ८०० किलोमीटरहून अधिक दूर. बसायला जागा मिळो न मिळो, आपली माणसे निघतात. अनेक बातम्यांत मात्र त्यांच्याविषयी ‘गर्दी’ आणि ‘गैरसोय’ एवढेच येते. ही माणसे का निघतात, हे समजून घ्यायचे असेल तर सोमनाथ वाघमारे यांचा ‘चैत्यभूमी’ (२०२३) हा माहितीपट पाहायला हवा. पा. रंजित यांनी तो प्रस्तुत केला आहे. ६ डिसेंबरला दादरला जमणारा जनसागर, भीमगीते, पुस्तकांचे स्टॉल हे सारे त्यात आतल्या माणसाच्या नजरेने टिपले आहे.

आम्हा नागपूरकरांसाठी या प्रवासाचा अर्थ आणखी खोल आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी आपल्या शहरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नवा जन्म मिळाल्याचा आनंद ओसरण्याआधीच समाज पोरका झाला. पण ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्काराच्या वेळी, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत, लाखाच्या वर लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आपल्या माणसांनी शोकाचे रूपांतर तिथेच संकल्पात केले. १९७१ मध्ये त्या जागी स्तूप उभा राहिला.

किसागोतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत होती. तथागतांनी तिला प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरल्यावर तिला कळले, की दुःख आपल्या एकटीचे नाही. तिला शहाणे केले ते त्या फिरण्याने, दुसऱ्यांच्या उंबरठ्यावर उभे राहण्याने.

दादरचा प्रवासही तसाच आहे. डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी आजीचे दुःख तेच, अभिमानही तोच. परतताना तिच्या पिशवीत मूर्ती असते, पुस्तक असते. रडून हलके झालेले मन काहीतरी शिकून घरी येते.

तरुण मित्रांनो, १९५६ चा सोहळा पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. या वर्षी गाडीत बसाल तेव्हा सेल्फी जरूर काढा. पण समोरच्या आजोबांना विचारा, ‘बाबासाहेब गेल्याचं तुम्हाला कसं कळलं?’ मोबाइल सुरू ठेवा आणि त्यांना बोलू द्या. वाघमारे यांनी कॅमेऱ्याने जे केले, त्यातला छोटा वाटा आपणही उचलू शकतो. आपल्या दुःखाला कोणी ‘गर्दी’ म्हणू नये असे वाटत असेल, तर त्याची नोंद आपणच ठेवली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!