घरी वाईनचं किट मागवताय? आधी कलम ६५ वाचा

चाकण : किट आणून घरीच रेड वाईन करायचे व्हिडिओ मोबाईलवर दिसतात. मात्र ते परदेशातले. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. त्याच्या कलम ६५ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, आणि वाईनही त्यात आली. विकायची नाही, घरच्यापुरतीच आहे, हे सांगून सुटका नाही. त्यासाठी साहित्य, भांडी जवळ ठेवणंही याच कलमात बसतं.

किटमध्ये असतं तरी काय? आटवलेला द्राक्षरस, यीस्टची पुडी, गाळ खाली बसवणारी आणि वाईन टिकवणारी पावडर. पाणी घालून साधारण २३ लिटर, म्हणजे ३० बाटल्या होतात. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि गॅस तयार होतो. बागायतदाराला ब्रिक्स समजावून सांगायला नको. रस २४ ब्रिक्सचा असेल तर अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आसपास येतं.

मग जुन्नरच्या काळ्या जंबोची वाईन का होत नाही? लाल रंग सालीत असतो, तुरटपणा साल आणि बियांत. जंबो बिनबियांची, खायलाच झकास. रेड वाईनला कॅबरने, शिराझ अशा बारीक मण्यांच्या, बियांच्या जाती लागतात.

खरी कसोटी मुरवण्यात. रस २० ते २५ अंशांत आंबला तर ठीक. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत यीस्ट तग धरत नाही, वास बिघडतो. नंतर भांडं काठोकाठ भरून, हवा न लागू देता सहा महिने ते वर्षभर ठेवावं लागतं. हवा शिरली की व्हिनेगर! आंबणं थांबायच्या आत बूच मारलं, तर बाटली फुटते.

हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. याच पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात इंडाज उभी केली. तिथली 'ओमर खय्याम' परदेशात गेली. पुढे २००१ मध्ये राज्याने वाईनसाठी धोरण आणलं. पण तिथेही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतोच.

द्राक्षं उरलीच असतील तर रस आंबू न देता ८० ते ८५ अंशांवर तापवून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरावा. त्याला हा कायदा आड येत नाही. विकायचा असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी मात्र हवी.